आपला नम्र

१

दुपारची जेवणं आटोपली, बाबा स्वयंपाकघरातल्या खिडकीशी आपल्या खुर्चीत जाऊन टेकले, की मी पुढच्या खोलीत संगणक उघडायचे. सकाळ पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासण्यात जायची. ते पोटापाण्याचं काम. दुपारचे दोन तास मात्र माझे. त्या वेळात मी ज्ञानकोशात लिहायचे. इंटरनेटवरचा ज्ञानकोश, कुणीही लिहावा, कुणीही खोडावा असा. पगार नाही, मानपान नाही, वर शिव्या खायची तयारी हवी. तरी नऊ वर्षं मी तिथे टिकून होते.

तिथे खरं नाव फारसं कुणी लावत नाही. मी 'टाचणी'. दुसऱ्याच्या वाक्याला 'संदर्भ हवा' अशी खूण टोचत हिंडायचे, म्हणून. आमचा प्रचालक, म्हणजे भांडणं सोडवणारा, 'भिंग'. पेशाने दातांचा डॉक्टर. नव्या माणसाशी कुणी तुसडेपणाने वागलं की तो लिहायचा, "नवागतांना चावू नका. चावण्याचे परिणाम मी रोज बघतो."

मला ते कधी सांगावं लागलं नाही. समोरचा कितीही हट्टी असो, माझा संदेश 'नमस्कार, आपल्या लेखनाबद्दल आभार'नेच सुरू व्हायचा. त्याचा मला थोडा गर्वही होता.

गावाबाहेरच्या जुन्या पंपघरावरचा लेख मीच सुरू केला होता. बाबांनी तिथे तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. आता पंपघराला कुलूप आहे. लेख छोटासाच; आधाराला पाणीपुरवठा विभागाची स्मरणिका आणि वर्तमानपत्रातली दोन कात्रणं. त्यात एक वाक्य होतं, 'येथे प्रत्येक पाळीत दोन ऑपरेटर असत.'

एका मंगळवारी पाहिलं, तर कुणीतरी 'दोन'चं 'तीन' केलं होतं. संदर्भ नव्हता. दुरुस्ती दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी झाली होती. खातं नवीन होतं. नाव, 'आपला नम्र'.

मी पुन्हा 'दोन' केलं आणि त्याच्या चर्चा पानावर नेहमीचं लिहिलं. नमस्कार, स्वागत, आभार. आपली माहिती मोलाची असू शकते, पण तिला आधार हवा, कृपया संदर्भ द्यावा.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं.

'नमस्कार. आपण माझे स्वागत केलेत, असे आजवर कोणी केले नव्हते. आपले म्हणणे योग्य आहे. संदर्भ देतो. आपला नम्र.'

२

पहिला संदर्भ होता हजेरीपट. मी कळवलं की हजेरीपट हा अप्रकाशित कागद, तो चालत नाही. छापील आणि इतरांना पडताळता येईल असं काही असल्यास बरं.

'क्षमा असावी,' उत्तर आलं. 'हजेरीपटावर तसेही तिसरे नाव नाही. मला वाटले, नसणे हाही पुरावा धरतात.'

माणूस विक्षिप्त असावा, पण भाषा किती स्वच्छ! एक वेलांटी चुकली नव्हती. मी प्रूफवाचक, मला अशा गोष्टींचा मोह पडतो. आमचा पत्रव्यवहार आठवडाभर चालला. रोज तो दोन वाजून दहा मिनिटांनी लिहायचा. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मी दोनलाच संगणकापुढे बसू लागले. मागून स्वयंपाकघरातून बाबांच्या रेडिओचा बारीक आवाज यायचा, कुणी दोन माणसं हलक्या आवाजात बोलत असल्यासारखा.

सोमवारी दुसरा संदर्भ आला. 'स्मरणिका, पृष्ठ ४१, छायाचित्र.'

स्मरणिका माझ्याच कपाटात होती. पृष्ठ एकेचाळीसवर पंपघराचं दार, दारासमोर बाबा आणि त्यांच्याबरोबरचे थोरले ऑपरेटर. खाली दोघांची नावं. तो फोटो मी लहानपणापासून पाहिला होता, लेखात त्याचा आधारही दिला होता. दोन माणसं. मी हसून पुस्तक मिटायला गेले आणि थांबले.

बाबांच्या डाव्या खांद्यावर एक हात होता.

थोरल्यांचे दोन्ही हात समोर, टोपी धरलेले. बाबांचे दोन्ही खाली. मी बारीक अक्षरं वाचायची काच आणली. चार बोटं आणि अंगठा, मनगटापाशी ओल्यासारखी चिकटलेली बाही, आणि त्यापुढे दाराचा काळोख.

३

भिंगला फोन लावला. त्याचा दवाखाना दुपारी बंद असतो.

"अगं, छपाईची गंमत असेल," तो म्हणाला. "जुने लोक फोटो कापायचे. तिसरा कुणी साहेबबिहेब असेल, भांडला असेल, दिला उडवून. हात राहून गेला."

"मग मला इतक्या वर्षांत दिसला कसा नाही?"

"स्वतःच्या घरातलं प्रूफ कुणाला दिसतं का? माझ्या बायकोची दाढ किडली, ती मला शेजाऱ्यांनी सांगितली."

मी हसले. हसल्यावर बरंही वाटलं. मग विचारलं, "हे खातं कुठून लिहितंय, काही कळेल का?"

"नम्रपणाचा काही गुन्हा होत नाही गं. कशाच्या आधारावर तपासू?" मग म्हणाला, "पण एक सांगू? तुझी त्याची चर्चा मी वाचली. तू त्याला संदर्भ माग, पण 'या', 'आणा', 'दाखवा' असं सारखं नको म्हणूस."

"का?"

"काय की. वाचताना बरं वाटलं नाही."

मी ते मनावर घेतलं नाही. नम्रपणा सोडायचा नाही हे तर आमचं पहिलं कलम. मी लिहिलं, 'फोटोतील हात पाहिला. पण हाताला नाव नसते. आपल्याकडे नाव असल्यास अवश्य आणावे.'

दोन वाजून दहा.

'योग्य आहे. नाव माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांना विचारून आणतो. आपल्या परवानगीबद्दल आभारी आहे.'

मी परवानगी कधी दिली होती? माझाच संदेश मी तीनदा वाचला.

४

गुरुवारी लेखात पुन्हा 'तीन' झालं होतं आणि शेजारी नवा संदर्भ होता. मी तो अजून विसरू शकत नाही.

'तोंडी माहिती. दुसऱ्या ऑपरेटरकडून, त्यांच्या राहत्या घरी, स्वयंपाकघरात. माहिती अपुरी. उद्या पुन्हा विचारायचे आहे.'

दुसरे ऑपरेटर म्हणजे बाबा. थोरले जाऊन बारा वर्षं झाली होती.

मी उठून आत गेले. बाबा खुर्चीत होते. रेडिओ बंद होता. त्याची वायरही काढून, गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती, आणि वायरीवर धूळ होती.

आमच्या स्वयंपाकघराला मागचं दार आहे. ते मागच्या जिन्यात उघडतं. कचरेवाल्याशिवाय तिकडून कुणी येत नाही. दार उघडं होतं.

"बाबा, आता कुणी आलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणऐंशी वर्षांचे असले तरी बाबांचं डोकं लख्ख होतं. महिन्याची औषधं, वीजबिलाची तारीख, माझ्या मैत्रिणींच्या मुलांची नावं, सगळं पाठ.

"येतो की तो. आठवडा झाला. तू बाजूच्याच खोलीत असतेस."

"कोण येतो?"

"उंबऱ्याबाहेर उभा राहतो. आत ये म्हटलं नाही मी त्याला. तोही म्हणतो, बोलावल्याशिवाय येणार नाही." बाबांनी गुडघ्यावरचा पंचा सारखा केला. "तुझी फार तारीफ करतो. ताईंनीच पाठवलं म्हणतो."

उंबऱ्याबाहेरची फरशी मी पाहिली. कोरडी होती. पण दोन पावलं मावतील एवढ्या जागेवरची धूळ निघून गेली होती, स्वच्छ धुतल्यासारखी.

मी दार लावलं, वरची आणि खालची, दोन्ही कड्या घातल्या. म्हातारपण, मी स्वतःला म्हणाले. आणि कुणीतरी हलकट माणूस म्हाताऱ्याशी खेळतोय, ज्याला आमचा पत्ता माहीत आहे. पोलिसांत द्यायला हवं. पण काय देणार? एक माणूस रोज येतो आणि आदराने बोलतो, ही तक्रार?

५

त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता बाबा आपणहून बोलले.

"तू झालीस त्या दिवशी माझी दुपारपाळी होती. दोनला हजेरी. दीडला निरोप आला, मुलगी झाली. साहेब सुट्टी देईना. तेव्हा आमच्याकडे एक बदली कामगार यायचा. पंधरा दिवस झाले होते त्याला येऊन. कागदावर नव्हता, असाच, रोजावर. पोरगेला होता. फार गोड बोलायचा. सगळ्यांना आपण, आपण. आम्ही त्याची टर उडवायचो."

मी हातातली शेंग तशीच धरून बसले.

"त्याला म्हटलं, माझ्या जागी उतर खाली. व्हॉल्व्हच्या खोलीत. आणि मी हजेरीपटावर सही ठोकली अन् तुला बघायला पळालो. थोरल्यांना सांगायचं राहिलं. त्यांना वाटलं, खाली कुणी नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी नेहमीसारखं पाणी सोडलं."

मी उठून टपकणारा नळ घट्ट बंद केला.

"खालची खोली भरायला तीन मिनिटं लागतात," बाबा म्हणाले. "थोरल्यांना वाटलं, पाइप ठोकतोय. हवा अडकली की ठोकल्यासारखा आवाज येतो ना, तसा. गावाला त्या दिवशी पाणी वेळेवर गेलं."

"मग? चौकशी?"

"साहेबांनी हजेरीपट पुढे टाकला. म्हणाले, पाळीवर दोन माणसं, दोघांच्या सह्या, दोघंही जिवंत. मग मेलं कोण?" बाबांनी शेंगा बाजूला सारल्या. "त्याला शोधायला कुणी आलं नाही. आम्हीही कुणाला सांगायला गेलो नाही. तू चार दिवसांची होतीस."

"त्याचं नाव काय होतं, बाबा?"

माझ्या वडिलांना मी आयुष्यात दोनदा रडताना पाहिलं. आई गेली तेव्हा, आणि त्या संध्याकाळी.

"तेच तो विचारतोय गं. रोज तेच विचारतोय. मला आठवत नाही."

६

शुक्रवारी सकाळी मी ज्ञानकोशात लिहिलं. जेवढं नम्र होता येईल तेवढं झाले. 'आपल्यावर अन्याय झाला. मी माझ्या वडिलांचे निवेदन लिहून घेऊन वर्तमानपत्राकडे पाठवते. ते छापून आले की तो संदर्भ धरून आपली नोंद होईल. तोपर्यंत कृपया घरी येऊ नये.'

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला 'येऊ नये' लिहिलं.

बाबांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला. जेवले नाहीत. पावणेदोनला म्हणाले, "तू पुढच्या खोलीत बस. आणि काही झालं तरी त्याच्याशी वाकडं बोलू नकोस. तो कधीच वाकडं बोललेला नाही."

"मी दार उघडू देणार नाही."

"दार माझं आहे," ते म्हणाले. "पाळीही माझीच होती."

मी त्यांना खोलीत कोंडू शकले असते. हात धरू शकले असते. मी का बसून राहिले, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, कुणीच येणार नाही. कुणी आलं नाही हे बाबांना एकदा दिसू दे, म्हणजे सुटतील.

आतल्या दोन्ही कड्या निघाल्याचा आवाज आला. मग बाबांचा.

"ये. आत ये."

मग शांतता. एखाद्याला उत्तर द्यायला लागेल एवढीच.

"नाही आठवत रे. खरंच नाही."

शांतता.

"हो. ते चालेल." बाबांचा आवाज एकदम हलका झाला, ओझं उतरवून ठेवावं तसा. "मीच होतो खाली, असं लिही. माझं नाव लाव. पोरीला मात्र जप."

मी धावले. मधल्या बोळात सहा पावलं आहेत, रोज मोजल्यासारखी ओळखीची. ती त्या दिवशी संपेनात. मागचं दार सताड उघडं होतं. मी जिन्यात वाकून पाहिलं. खालच्या वळणावर कठड्यावरून सरकत जाणारा एक हात दिसला आणि विरळ पांढऱ्या केसांचं डोकं. बाबांचं डोकं. मी ते शंभर माणसांत ओळखीन. आमचा जिना सिमेंटचा आहे. उतरणारी पावलं वाजत होती ती मात्र लोखंडावर, शिडीच्या एकेका पायरीसारखी. आमची इमारत तीन मजल्यांची; ती पावलं त्याच्या कितीतरी खाली जात राहिली.

"बाबा!" मी ओरडले.

माझ्या मागे, स्वयंपाकघरात, खुर्ची सरकली.

"आपण घाबरलात का?" कुणीतरी म्हणालं. "बसा. चहा मी ठेवतो."

वळले तर ओट्यापाशी पाठमोरे बाबा उभे होते. तोच इस्त्रीचा शर्ट, तोच थोडा खाली झुकलेला उजवा खांदा. त्यांनी काडी ओढून गॅस पेटवला. मानेवरचे केस ओलेचिंब होते आणि त्यातून एक एक थेंब कॉलरमध्ये उतरत होता.

सेहेचाळीस वर्षांत बाबांनी मला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. आणि चहा त्यांना आयुष्यात करता आला नाही.

पुढच्या खोलीत लेख उघडाच होता. 'तीन'चं पुन्हा 'दोन' झालं होतं. खाली एक वाक्य वाढलं होतं. त्यात मी जन्मले ती तारीख होती, त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी व्हॉल्व्हच्या खोलीत एका ऑपरेटरचा मृत्यू झाल्याचं लिहिलं होतं, आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव. संदर्भ: 'तोंडी माहिती, स्वतःकडून.' बदलाच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आपलेच बरोबर होते. क्षमस्व.'

मी ते वाक्य काढून टाकलं. कुणी परत घातलं नाही. ते खातं त्यानंतर कधी बोललं नाही.

७

डॉक्टर म्हणाले, मेंदूला हलका झटका येऊन गेलेला असू शकतो. अशा वेळी माणसाची बोलण्याची ढब बदलते. काहीजण शिवराळ होतात. "तुम्ही नशीबवान, तुमचे अदबशीर झाले."

आत्या चार दिवस राहून गेली. बाबांची सख्खी धाकटी बहीण. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, हिला तरी कळेल म्हणून. जाताना पदराने डोळे टिपत म्हणाली, "दादा किती मवाळ झाला गं! जन्मभर माझ्यावर खेकसला. आता म्हणतो, आपण थकला असाल. अशीच काळजी घे त्याची."

भिंगला सगळं सांगितलं. बिचाऱ्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "हे बाबा नाहीत, याला तुझ्याकडे काय आधार आहे?"

मी यादी केली. चहा. 'आपण'. मानेवरची ती ओल, जी टॉवेलने कितीही पुसली तरी दुपारी दोननंतर परत येते. वाचून पाहिली आणि फाडून टाकली. दुसऱ्या कुणी असली यादी आणली असती, तर मीच तिला खूण टोचली असती.

घरात जो राहतो तो फार चांगला आहे, हे सांगायला हवं. माझ्या आधी उठतो. भांडी घासतो. माझी प्रुफं नीट रचून ठेवतो. पाण्याला मात्र हात लावताना थबकतो, नळ सोडायचा असला की आधी मोठ्याने म्हणतो, "सोडू का?" आणि मी 'हो' म्हणेपर्यंत थांबतो. पहिले काही दिवस मी मागच्या जिन्यात बसून खालचा आवाज ऐकायचे. ती पावलं एकदाही वर आली नाहीत.

काल बँकेचा माणूस हयातीच्या दाखल्याचा फॉर्म घेऊन घरी आला. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा द्यावा लागतो. आमच्या घरातला तो टेबलापाशी बसला, पेन उघडलं आणि पहिल्या रकान्यापाशी थांबला. माझ्याकडे पाहिलं. बाबांचेच डोळे. त्यांत आर्जवी, घाबरलेलं वाट पाहणं होतं.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, बँकेच्या माणसाला ऐकू जाऊ नये असं. "इथे काय लिहू, सांगाल का? आपण सांगितलंत तरच लिहीन."

बँकेचा माणूस घड्याळ पाहत होता. स्वयंपाकघरात कुठेतरी पाइपात हवा अडकली असावी. खालून, फार खालून ठोकल्यासारखा आवाज येत होता. एकसारखा, घाईने.

मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं.

त्याने ते लिहून घेतलं, सुवाच्य अक्षरात, एकही वेलांटी न चुकता. खाली सही केली. ठोकणं थांबलं.

"मी आपला आभारी आहे," तो म्हणाला.